चल, आम्ही घरी जातो

"हे मी बोलणार नाही," काचेपलीकडून नीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन काढून मानेवर ठेवला.

समोरच्या पडद्यावर साळिंदरीण थबकून उभी होती. बर्फात. डोळ्यांत पाणी, दोन्ही हात पुढे केलेले, तोंड अर्धवट उघडलेलं. तिच्यासमोर कोल्ह्याचं एक भिजलेलं पिल्लू. चित्रपटाचा हा शेवटचा प्रसंग. साळिंदरीण आईने एक वाक्य बोलायचं, पिल्लाला जवळ घ्यायचं आणि थिएटरातल्या सगळ्या आयांनी रुमाल काढायचे.

"काय झालं?" मी टॉकबॅकच्या माइकवरून विचारलं.

"काय लिहिलंयस ते तूच वाच."

मी वाचलं. ‘चल, आम्ही घरी जातो.’

"मी नाही लिहिलं हे."

"मग कोणी लिहिलं? पोर तिथं बर्फात कुडकुडतंय आणि ही बाई त्याला टाटा करून निघाली?"

माझ्या शेजारी खैरनार सर बसले होते. स्टुडिओ त्यांचा, रेकॉर्डिंगही तेच करतात. मूळचे सटाण्याचे. एरवी अगदी शुद्ध बोलतात, पण घाबरले की अहिराणी बाहेर येते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"हाई काय शे?" ते म्हणाले.

मी परदेशी कार्टून आणि अ‍ॅनिमेशन चित्रपटांचे मराठी संवाद लिहिते. डबिंगचे संवाद लिहिणं म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. पडद्यावरच्या पात्राचं तोंड आधीच हलून मोकळं झालेलं असतं. त्या हलण्यात आपले शब्द बसवायचे. पात्राचे ओठ मिटतात तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी यायला हवं, तोंड उघडं असेल तिथे आ. याला लिप-सिंक म्हणतात. निम्मं आयुष्य ‘व’च्या जागी ‘ब’ घालण्यात गेलं असं मी घरी सांगते तेव्हा कोणाला काही कळत नाही, पण कौतुक वाटतं.

आमचा स्टुडिओ नाशिक रोडला, एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. खैरनारांनी मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या स्टुडिओत काढली आणि मग इथे येऊन स्वतःचा थाटला. हा चित्रपट येईपर्यंत तिथे काय व्हायचं? द्राक्षांवरच्या औषधांच्या जाहिराती, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावर लावायच्या घोषणा. हा आमचा पहिला अख्खा चित्रपट होता. तोही साधासुधा नाही. साळिंदरांच्या कुटुंबाचा हा चित्रपट परदेशात तुफान चालला होता, हिंदीतही चालला होता. मेन रोडच्या दुकानांत दप्तरांवर, कंपासपेट्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर सगळीकडे साळिंदरं दिसत होती. मराठी आवृत्ती आमच्याकडे आली ती एका अटीवर. शेवटचं रीळ क्लायंटला पसंत पडलं तर ठीक, नाही तर अख्खं काम त्यांच्या नेहमीच्या मुंबईच्या स्टुडिओत जाणार आणि नव्या आवाजात पुन्हा होणार. म्हणजे नीलाताईंचा आवाज पुसला जाणार, माझे संवाद जाणार आणि खैरनार सर पुन्हा द्राक्षांच्या औषधांकडे वळणार. औषधांशी माझं वैर नाही. पण सरांनी ज्या दिवशी भिंतीला साउंडप्रूफिंग लावून घेतलं, त्या दिवशी त्यांच्या डोक्यात औषध नव्हतं.

आणि आता पसंतीसाठी द्यायच्या त्याच रिळात आमची नायिका लेकराला बर्फात सोडून चालली होती.

झालं होतं ते असं. क्लायंटकडे QC नावाचं एक खातं असतं. सगळं तपासायचं त्यांचं काम. त्यांची एक ग्लॉसरीही असते. कुठल्या इंग्रजी शब्दाला आपल्या भाषेतला कुठला शब्द वापरायचा हे त्यात ठरवून ठेवलेलं असतं, म्हणजे पहिल्या रिळात ‘दरी’ आणि पाचव्यात ‘खाई’ असा घोळ होत नाही. चांगली सोय आहे. फक्त त्यात इंग्रजी ‘वी’च्या समोर ‘आम्ही’ असं ठरलेलं होतं. मी पूर्ण चित्रपटभर आईच्या तोंडी ‘आम्ही’ लिहिलं होतं आणि शेवटी एकदाच ‘आपण’. ‘चल, आपण घरी जाऊ या.’ QCमधल्या कोणीतरी ही चूक पकडली. ‘आपण’ काढून ‘आम्ही’ केलं आणि वाक्य व्याकरणात बसावं म्हणून ‘जाऊ या’चं ‘जातो’ केलं. काम नीटनेटकं होतं. ज्याने केलं त्याला मराठी वाचता येत होतं, ऐकू येत नव्हतं एवढंच.

खैरनार सर म्हणाले, "लिप-सिंक काय म्हणतंय बघू. ‘आम्ही’ बसत नसेल तर तेवढं कारण सांगून सुटू."

त्यांनी ती जागा पुन्हा पुन्हा फिरवली. आईच्या तोंडाचा क्लोजअप. आ, मग ओठ मिटतात, मग उघडतात. ‘आपण’मध्ये प. ‘आम्ही’मध्ये म. दोन्हीला ओठ तिथेच मिटतात.

"दोन्ही बसतात," सर निराश होऊन म्हणाले.

मी क्लायंटच्या शिवानी मॅडमना फोन लावला. त्या मुंबईत बसून सगळ्या भारतीय भाषांचं काम बघतात. त्यांची भाषा हिंदी. बाई कामाच्या आहेत, पण एका वेळी त्यांच्यासमोर पाच-सहा भाषा उघड्या असतात.

"मनीषा जी, मदर पूरी फिल्म में एक वर्ड बोलती है और एंड में दूसरा," त्या म्हणाल्या. "QC ने वही ठीक किया. दोनों का मतलब ‘हम’ ही है ना?"

"‘हम’ ही है. मगर एक ‘हम’ में सामनेवाला अंदर है, दूसरे में बाहर."

"मतलब?"

माझं हिंदी नाशिकचं आहे, पण हिंमत करून बोलते. मी म्हटलं, समजा तुम्ही आणि तुमचे मिस्टर पिक्चरला निघालात. मी दारात उभी आहे. तुम्ही मला ‘आपण पिक्चरला चाललोय’ म्हणालात तर मी चप्पल घालणार. ‘आम्ही पिक्चरला चाललोय’ म्हणालात तर मी म्हणणार, बरं, या जाऊन.

पलीकडे त्यांनी ‘आपण’, ‘आम्ही’ असं पुटपुटून पाहिलं. मग त्या हसल्या.

"तो अभी वो बच्चे को बाय बोल रही है?"

"जी. बर्फ में."

"ओ माय गॉड."

खैरनार सरांनी मला अंगठा दाखवला. काम झालं असं आम्हा दोघांनाही वाटलं. तेवढ्यात शिवानी मॅडम म्हणाल्या, "ओके, एंड में ‘आपण’ रखिए. लेकिन एक बात बताइए. वो बच्चा पूरी फिल्म बाहर था, एंड में अंदर है. तो अंदर आया कब? मुझे QC को टाइमकोड देना पड़ेगा."

टाइमकोड म्हणजे चित्रपटातल्या प्रत्येक क्षणाचा पत्ता. कितवं मिनिट, कितवा सेकंद.

मी स्क्रिप्टची पानं मागे उलटली, पुढे उलटली. शोधून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मला त्या बाईंचा रागच आला. प्रश्न बरोबर असला की मला जास्त राग येतो.

तेवढ्यात देवळालीकडून तोफांच्या सरावाचा धप्प असा आवाज सुरू झाला. साउंडप्रूफिंग कितीही चांगलं असलं तरी तो जमिनीतून येतो आणि माइक तो बरोबर पकडतो. सराव चालू असला की आमचं रेकॉर्डिंग बंद. नीलाताई बूथमधून बाहेर आल्या. त्या नाटकातल्या. पंचवटीत राहतात आणि स्कूटरवर येतात. डबिंगला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती, पण भूमिका म्हटली की तिचा खून करायचा नाही हे त्यांचं पक्कं. आम्ही चहा मागवला आणि चित्रपट पहिल्यापासून लावला. या वेळी संवाद लिहायला नाही, तर ते पोर घरात कधी शिरलं ते शोधायला.

गोष्ट सांगते. डोंगरावर साळिंदरांचं घर. आई, बाबा, तीन पोरं. पुरात वाहून आलेलं कोल्ह्याचं पिल्लू पोरं घरी आणतात. त्याला मी झिपरू नाव दिलं होतं. आईला तो नको असतो. कोल्हे साळिंदरांना खातात, त्यामुळे बाईचं चूक म्हणता येत नाही. ती त्याला खोलीत झोपू देत नाही, त्याचं ताट वेगळं ठेवते, आणि चित्रपटभर ऐकवते, ‘आम्ही असे आहोत, आम्ही तसे आहोत, तू बरा झालास की जा.’ मग एक गाणं होतं. मग बर्फ कोसळतं, झिपरू आईला ओढून बाहेर काढतो, मग दोघांचं भांडण होतं, तो निघून जातो, आई त्याच्यामागे धावते, मिठी, समाप्त.

एकदा शोधायला बसल्यावर काय काय दिसायला लागलं! घुबड दुष्ट आहे, पण का दुष्ट आहे ते कोणी सांगत नाही. बाबा मध्येच गायब होतात आणि एक विनोद करायला परत येतात. बर्फ नेमकं तेव्हाच कोसळतं जेव्हा लेखकाला पुढे काय करावं ते सुचत नाही. आणि ते गाणं! गाण्याच्या सुरुवातीला पोरं झिपरूला घाबरतात, शेवटी त्याच्या पाठीवर बसून घसरगुंडी खेळतात. माणसं एकमेकांच्या जवळ कशी येतात हे ठाऊक नसलं की गाणं घालायचं. आपल्याकडेही तेच करतात, त्यामुळे परदेशी लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

"इतके दिवस मला हे दिसलं कसं नाही?" मी म्हटलं.

"हसत होतीस," नीलाताई म्हणाल्या. "मीपण."

खरं आहे. चित्रपट गोडच आहे. हसवून, रडवून, रंगीत बर्फ उधळून त्याने मधली जागा झाकली होती. आणि इंग्रजी त्याच्या मदतीला होती. इंग्रजीतलं ‘वी’ म्हणजे मोठी सतरंजी. ज्याला हवं त्याने येऊन बसावं, कोण कधी बसलं ते कोणी विचारत नाही. आईने पहिल्या रिळात ‘वी’ म्हटलं, शेवटच्यातही ‘वी’ म्हटलं. मराठीत मात्र तिला तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं. आणि लेखकाने ठरवलेलंच नव्हतं.

खैरनार सर म्हणाले, "सोपं आहे ना. बर्फ कोसळतं तिथे. तिचा जीव वाचवला त्याने. तिथून पुढे ‘आपण’ करून टाका."

"जीव वाचवला म्हणजे उपकार झाले," नीलाताई म्हणाल्या. "उपकार करणाऱ्याला माणूस पेढे देतो, सर. घरात घेत नाही."

"असं कसं? मी घेईन."

"तुम्ही घ्याल हो. ही बाई घेणार नाही. मी गेले कित्येक दिवस हिच्यात राहतेय, मला माहितीय ही कशी आहे."

सर माझ्याकडे बघायला लागले. बाहेर धप्प, धप्प चालूच होतं. मी चहाचा कप हातात धरून बसले होते आणि मला, का कोण जाणे, माझ्या सासूबाई आठवत होत्या.

माझं माहेर पुण्याचं, सासर दिंडोरीकडचं, शेतीवाडीचं. लग्न आमचं आम्ही ठरवलं होतं. सासूबाईंनी विरोध केला नाही, पण नव्या सुनेला त्या पाहुण्यासारखं वागवायच्या. ‘आमच्याकडं जेवायला जरा उशीर व्हतो.’ ‘आमच्याकडं तिखट लय लागतं, तुला झेपंल का?’ आमच्याकडं, आमच्याकडं. शब्द गोड, पण प्रत्येक वेळी मी दाराबाहेर. मी सगळ्यांशी हसून बोलायचे आणि रात्री नवऱ्याशी भांडायचे. मग एका सकाळी मी आमटीत गूळ घातला. सासूबाईंनी चव घेतली, पळी आपटली आणि शेजारणीसमोर मला झापलं, ‘आपल्याकडं डाळीत गूळ नाय घालत! कितींदा सांगायचं?’

मला रडू आलं. चांगली हुंदके देऊन रडले. दुपारी भांडी लावताना एकदम लक्षात आलं, की त्या ‘आपल्याकडं’ म्हणाल्या. मग जरा वेळ पुन्हा रडले, पण ते वेगळं. त्या दिवसापासून ते माझं घर झालं. कोणी ओवाळलं नाही, मिठी मारली नाही. पाहुण्याला कोणी झापत नाही, एवढंच.

हे मी दोघांना सांगितलं. नीलाताईंनी कप खाली ठेवला.

"ही बाई झिपरूला कुठे झापते?"

"सगळीकडेच झापते," सर म्हणाले.

"तसं नाही. एकट्याला नाही. स्वतःच्या पोरांबरोबर, त्यांच्यातलाच एक म्हणून."

आम्ही पुन्हा मागे गेलो. गाण्याच्या पुढे, बर्फाच्या आधी, एक छोटासा प्रसंग आहे. मी तो लिहिताना पाच मिनिटंसुद्धा दिली नव्हती. चारही पोरं चिखल तुडवत घरात शिरतात. आई चुलीपाशी पाठमोरी आहे. मागे न बघता ती म्हणते, या घरात पाय पुसून यायचं असतं. इंग्रजीत तिथेही तेच ‘वी’. मी लिहिलं होतं, ‘आमच्या घरात पाय पुसून येतात.’ तीन साळिंदरं भराभर पाय पुसतात. झिपरू क्षणभर तिच्या पाठीकडे बघतो, स्वतःच्या पायांकडे बघतो आणि पुसतो. बस. पुढचा प्रसंग.

"थांबवा," मी म्हटलं.

सरांनी थांबवलं. झिपरू वर बघत होता. चित्र काढणाऱ्याने त्याला वर बघायला का लावलं असेल, देव जाणे. लेखकाने तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"‘आपल्या घरात पाय पुसून येतात’," नीलाताई हळूच म्हणाल्या.

नवीन वाक्य नाही, जास्तीचा शब्द नाही. क्लायंटचे संवाद बदलायचे नाहीत ही सक्त ताकीद असते, ती पाळलेली. आई पाठमोरी, त्यामुळे ओठांचाही प्रश्न नाही. तोफा थांबल्या तशा नीलाताई बूथमध्ये गेल्या.

पहिला टेक त्यांनी मायेने दिला. ‘आपल्या’वर किंचित थांबून, आवाज ओला करून. खैरनार सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "नीलाताई, प्रेम नको. वैतागा. तुमची फरशी आत्ताच पुसून झालीय."

"त्या पोराला कळायला नको का?"

"त्याला कळेल. तुम्हाला कळता कामा नये."

त्यांनी काचेतून माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. मग पाठ फिरवून उभ्या राहिल्या, पडद्यावरच्या आईसारख्या, आणि सुनेवर खेकसल्यासारख्या खेकसल्या. ‘आपल्या घरात पाय पुसून येतात!’ सरांनी ती जागा फिरवून बघितली. आवाज आला, झिपरूने मान वर केली. मगाचच्याच चित्रात आता त्याला कारण होतं.

तिथून पुढे आईचे जे काही ‘आम्ही’ झिपरूसमोर होते ते मी एकेक करून तपासले. एक मुद्दाम ठेवला, भांडणातला. रागात माणूस मागे जातो. बाकीचे ‘आपण’ झाले. शेवटचं वाक्य माझं मला परत मिळालं.

शिवानी मॅडमना टाइमकोड पाठवला. रीळ गेलं. मग काही दिवस सर फोन वाजला की उभे राहायचे. शेवटी फोन आला तेव्हा ते नेमके द्राक्षांच्या औषधाच्या जाहिरातीचं मिक्सिंग करत होते. रीळ पास झालं होतं. वर शिवानी मॅडमनी मला विचारलं, "वो पाँव पोंछनेवाला सीन गुजरातीवाले राइटर को भी समझा देंगी? उनका भी दो-दो ‘हम’ है." मी समजावलं. ग्लॉसरीत आता ‘वी’च्या समोर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असं दोन्ही येतं आणि पुढे लिहिलेलं असतं, संदर्भ बघून. दुसरा चित्रपटही आमच्याकडेच आला. त्यात मासे आहेत. माशांचं लिप-सिंक सोपं असतं.

चित्रपट टीव्हीवर लागला त्या रविवारी सासूबाई घरात लसूण सोलत बसल्या होत्या. कार्टून त्या बघत नाहीत. पण सुनेचं काम म्हणून बसल्या. मी मागे खुर्चीवर होते, पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत. गाण्यात त्यांचं लक्ष नव्हतं. घुबड आलं तेव्हा म्हणाल्या, "हे कशाला डाफरतंय?" मग पोरं चिखलाच्या पायांनी आत आली आणि नीलाताई खेकसल्या.

सासूबाईंचा हात थांबला. "घेतलं वाटतं हिनं त्याला," त्या म्हणाल्या आणि पुढची पाकळी उचलली.

मी खुर्ची पुढे सरकवली.

बर्फ कोसळलं. झिपरू गेला. आई धावली, हात पसरले, ‘चल, आपण घरी जाऊ या’, मिठी, संगीत, पडद्यावर सगळे रडतायत. सासूबाईंनी सालं गोळा केली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आई, शेवट तरी बघा."

"आता काय बघायचं? पाय पुसाया लावलं तवाच घेतलं ना घरात. ही रडारड कशापायी?"

"तुम्हाला आठवतं का," मी विचारलं, "मी आमटीत गूळ घातला होता?"

"कसला गूळ?" त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

तेव्हापासून कुठलीही नवी स्क्रिप्ट आली की मी शेवटची मिठी आधी वाचत नाही. आई पोरांवर कुठे ओरडते ते शोधते. तशी जागा सापडली नाही, तर त्या मिठीत मराठी काही भर घालू शकत नाही.